घाटातली गाडी आणि पेट्रोलचा हिशेब



मोटार घेऊ पाहणारा मनुष्य दुकानात शिरला म्हणजे प्रथम किंमत विचारतो, आणि किंमत ऐकून थोडा सावरला म्हणजे दुसरा प्रश्न विचारतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ हा शब्द आता इतका आपला झाला आहे की खेड्यातील आजीबाईसुद्धा नातवाच्या मोटारसायकलीचे ॲव्हरेज सांगू शकते. शब्दाचा अर्थ सरासरी. परंतु ही सरासरी कोणत्या रस्त्यावरची, कोणत्या ऋतूतली आणि कोणाच्या पायाखालची, हे विचारावयाचे मात्र राहून जाते. जोयडा तालुक्यात रोज कामावर जाणाऱ्या माणसाला हे न विचारणे महागात पडते. म्हणून आज त्याच्या बाजूने हा हिशेब मांडून पाहू.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील हा तालुका पूर्वी सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. काळी नदीवर धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. त्या जलाशयाच्या पोटात गावाबरोबर वाटाही गेल्या. आज नकाशावर समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांमधून जावयाचे तर पुष्कळदा पाण्याला वळसा घालावा लागतो. दांडेली, रामनगर, कारवार या बाजूंना डांबरी रस्ते आहेत. परंतु शाळा, आरोग्य उपकेंद्रे आणि वनखात्याच्या चौक्या काही सगळ्याच डांबराच्या कडेला बसलेल्या नाहीत. कित्येक वाड्यांची शेवटची तीन-चार किलोमीटर वाट तांबड्या मातीची असते, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत त्या वाटेला वाट म्हणावयाचे ते केवळ सवयीने! शिक्षक, परिचारिका, वनरक्षक यांना त्या वाटेने जावेच लागते. मग एखाद्या पावसाळ्यात मोटारसायकल दोनदा आडवी झाली म्हणजे घरात विषय निघतो, की चारही चाकांना जोर देणारी लहानशी गाडी घ्यावी काय?

अशा गाडीची या भागाला ओळख आहे. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ वनखाते, पोलीस आणि लष्कर यांच्या सेवेत राहिली. ती कोठेही जाई, पण लिटरमागे दहा किलोमीटरच्या आसपासच जाई. पेट्रोलचे पैसे सरकार देत असल्यामुळे त्याची चर्चा फारशी होत नसे. तिच्याच कुळातली जिम्नी जून २०२३ मध्ये पाच दारांची होऊन भारतात विक्रीस आली. मूळ जिम्नी जपानात १९७० साली निघाली तेव्हा तिचे इंजिन अवघे ३५९ सीसीचे होते. आजच्या गाडीचे १४६२ सीसीचे आहे आणि रिकाम्या गाडीचे वजन सुमारे १२०० किलो भरते. हिची प्रमाणित आकडेवारी हाताच्या गिअरच्या गाडीस लिटरमागे १६.९४ किलोमीटर व स्वयंचलित गिअरच्या गाडीस १६.३९ किलोमीटर अशी आहे. ही गाडी वापरणारे लोक मात्र बहुधा बारा ते पंधरा यांमधला आकडा सांगतात. तेव्हा कोणीतरी खोटे बोलत असले पाहिजे, अशी आपली पहिली समजूत होते. वस्तुस्थिती तशी नाही.

पुण्यात कोथरूडजवळची एआरएआयची टेकडी आपल्यापैकी अनेकांना फिरावयास जाण्याची जागा म्हणून ठाऊक असेल. १९६६ साली स्थापन झालेल्या ज्या संस्थेवरून तिला हे नाव पडले, तिच्यासारख्या प्रमाणन-संस्थांमध्ये हे आकडे ठरतात. गाडी रोलरवर उभी करतात. चाके फिरतात, पण गाडी जागची हलत नाही. मग ११८० सेकंदांचा एक ठरीव कार्यक्रम चालतो. थांबणे, निघणे, वेग वाढविणे, कमी करणे असे करीत सुमारे साडेदहा किलोमीटरांचे अंतर कापले जाते. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३२च्या जवळपास. वातानुकूलन बंद. रस्ता सपाट, पाऊस नाही, खड्डा नाही, समोर गवा नाही. सर्व गाड्यांना एकाच तराजूत घालावयाचे तर तराजू असाच असावा लागतो. या गाडीपेक्षा ती गाडी कमी पिते एवढे तो खात्रीने सांगतो. आपल्या गाडीला आपल्या रस्त्यावर किती लागेल, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते.

मग आपल्या रस्त्यावर काय घडते? येथे एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे, कारण ती ऐकून अनेकांस नवल वाटेल. जोयड्याचा रस्ता या गाडीला वाटतो तितका वैरी नाही. जिम्नीचा देह पेटीसारखा चौकोनी आहे. अशा देहाला वाऱ्याचा अडथळा फार होतो. पण तो अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० वरून १००वर गेलात म्हणजे वारा चौपट जोराने मागे ढकलतो. शिवाय हिच्या हाताच्या गिअरांत पाचच पायऱ्या आहेत, त्यामुळे महामार्गावर इंजिन सारखे धापा टाकीत असते. आता अणशीकडून जोयड्याकडे येणाऱ्या रानातल्या रस्त्यावर शहाणा मनुष्य ताशी चाळीस-पन्नासच्या वर जातच नाही. हा काळी व्याघ्र प्रकल्पाचा प्रदेश आहे आणि येथे रस्त्यावर पहिला हक्क जनावरांचा आहे. त्या वेगात चौकोनी देहाचा दंड फार थोडा बसतो. बेळगावला महामार्गाने घाईघाईत जाऊन आलेल्या माणसाला जो आकडा मिळतो, त्यापेक्षा रानातून संथ चालविणाऱ्यास चांगला मिळतो, तो यामुळेच.

घाटाविषयी तर गैरसमज फारच आहेत. कारवार समुद्रकाठी आणि जोयडा वर पठारावर. चढाव साधारण ५०० मीटरांचा धरू. माणसांसह तेराशे किलोंची गाडी तेवढी उंच उचलावयास लागणारी शक्ती आणि पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता यांचा हिशेब केला तर नुसत्या उचलण्याला सुमारे पाऊण लिटर पेट्रोल लागते. ऐंशीएक किलोमीटरांच्या प्रवासाला एरवी जे पाच-सहा लिटर लागावयाचे, त्यांवर ही भर. आणि उतरताना यातील बरेचसे परत मिळते. पण एका अटीवर. हल्लीच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की यंत्र पेट्रोलचा पुरवठाच थांबविते. चाकेच इंजिनाला फिरवितात. अशा वेळी घाटाचा उतार खरोखर फुकट पडतो.

आपल्याकडे नेमके उलटे करतात. पेट्रोल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडतात. कार्बोरेटरच्या जुन्या जीपगाड्यांच्या दिवसांत या युक्तीने चार थेंब वाचत असतील. आजच्या गाडीत न्यूट्रलवर इंजिनाला स्वतःपुरते पेट्रोल प्यावेच लागते, म्हणजे बचतीच्या नावाने खर्च होतो. सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात, हा धोका निराळाच. इंजिनच बंद करून उतरणारे वीरही आढळतात. ब्रेकला मिळणारे साहाय्य त्यामुळे दोन-चार दाबांत संपते, याची त्यांना कल्पना नसावी. घाटात पेट्रोल जाते ते चढावापेक्षा वळणावर. वळणापर्यंत जोराने जावयाचे, तेथे करकचून ब्रेक दाबावयाचा आणि पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढावयाची. पेट्रोल जाळून मिळविलेला वेग प्रत्येक वळणावर ब्रेकच्या उष्णतेत घालविण्याचा हा उद्योग होय.

चारही चाकांच्या जोरासंबंधी थोडे बोलले पाहिजे. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा असतो. टू-एचवर मागची दोनच चाके ओढतात, फोर-एचवर चारही, आणि फोर-एलवर चारही पण अतिशय संथ व अतिशय जोराने. या गाडीत पुढच्या व मागच्या चाकांच्या फिरण्यातील फरक सांभाळणारे मधले यंत्र नाही. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-एच लावून ठेवले तर वळणावर चाके एकमेकांशी भांडतात. पेट्रोल तर जातेच, टायर झिजतात आणि दात्यांवरही ताण येतो. उलट चिखलाच्या चार-पाचशे मीटरांना फोर-एल लावले तर लिटरमागचा आकडा भयंकर दिसेल, पण खर्च झालेले पेट्रोल वाटीभरच असेल. त्या ठिकाणी कंजूषी करून गाडी रुतविणे हा महागडा सौदा आहे. या गाडीचा खरा कर दांड्यावर नाही, तो वजनावर आहे. जादा दांडे, जादा दातेचक्रे, शिडीसारखी भक्कम चौकट हे सारे आपण मे महिन्याच्या कोरड्या डांबरावरही रोज वाहून नेतो. त्यावर कोणी टपावर लोखंडी जाळी बसवितो, कोणी शोभेखातर चिखलाचे जाड टायर लावतो. हे टायर मोठ्या घेराचे असले तर किलोमीटरचा काटाही कमी अंतर दाखवितो, आणि मालक नसलेल्या तोट्याबद्दलही हळहळतो!

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच शक्ती असते, तेव्हा शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के शक्ती टाकीतच कमी आलेली असते. शेजारच्या हल्याळ तालुक्यातील ऊसवाल्यास त्याचा लाभ होत असेल, तर बरेच झाले. पण गाडीवाल्याने आपल्या हिशेबात ते धरावे.

आता रुपयांकडे वळू. एक शिक्षक घ्या. जाऊन-येऊन रोज साठ किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस, म्हणजे १४४० किलोमीटर. कागदावरच्या १६.९४ने त्याला ८५ लिटर पुरावयास हवे. प्रत्यक्षात साडेतेरा मिळाले तर १०७ लिटर लागतील. साधी लहान मोटार वीस देत असेल तर ७२ लिटर, आणि पन्नास देणारी मोटारसायकल असेल तर २९. सोयीसाठी लिटरला शंभर रुपये धरा. कर्नाटकातील भाव त्याहून थोडा अधिकच आहे. म्हणजे साध्या मोटारीऐवजी ही गाडी ठेवण्याचे मोल दरमहा साडेतीन हजार रुपये झाले. पावसाचे चार महिने सोडले तर उरलेल्या आठ महिन्यांत अठ्ठावीस हजार रुपये अशा शक्तीसाठी जातात, की जिचा दांडा त्या काळात हलविण्याचीही वेळ येत नाही.

तरीही ही गाडी घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. ज्याचे काम डांबराच्या कडेला आहे, जोयड्याहून दांडेलीला किंवा गणेशगुडीला जावयाचे आहे, त्याने ती घेणे म्हणजे हौस आहे. हौसेला मोल असते, ते द्यावे. पण त्याला गरज म्हणू नये. ज्या परिचारिकेला मात्र श्रावणातल्या पावसात मातीच्या वाटेने बाळंतिणीकडे पोहोचावयाचे असते, तिच्याकरिता ते साडेतीन हजार रुपये फार नव्हेत. ते तिच्या एकटीच्या पगारातून का जावेत, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना सरकारी साध्या बसचा प्रवास विनामूल्य झाला. त्यामुळे डांबरापर्यंतचा तिचा खर्च मिटला. पण बस जेथे थांबते तेथून पुढची चार किलोमीटर वाट तिच्याच पदरात राहिली.

कोणताही निर्णय घेण्यापूर्वी आकडा आपला स्वतःचा असावा. गाडीच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. तो बहुधा मालकाचे मन राखणारा असतो. एकाच पंपावर टाकी भरून घ्यावी, नळी पहिल्यांदा आपोआप थांबली की थांबावे, आणि किलोमीटरचा काटा वहीत टिपावा. पुढच्या वेळी पुन्हा तसेच. असे चार-पाच वेळा करून सगळ्या किलोमीटरांची बेरीज एकीकडे, पहिल्या भरण्याच्या नंतर घातलेल्या सगळ्या लिटरांची बेरीज दुसरीकडे, आणि मग भागाकार. प्रत्येक वेळचे ॲव्हरेज काढून त्यांचे पुन्हा ॲव्हरेज काढणारे पुष्कळ आहेत. तो हिशेब चुकतो. पावसाळ्याचे पान निराळे ठेवावे. टायरातील हवा आठवड्यातून एकदा तपासावी, आणि शाळेच्या फाटकाशी कोणाची वाट पाहताना इंजिन चालू ठेवू नये. उभे इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर सहज पिते, आणि त्या तासाचे किलोमीटर शून्य असतात.

याच वहीतून आणखी एक गोष्ट काढता येते. एकाच बाजूला जाणारे चौघे शिक्षक जर एका गाडीत बसले, तर वजनामुळे तिचे ॲव्हरेज साडेबारावर येईल. महिन्याला ११५ लिटर लागतील. ते चौघांत वाटले तर माणशी २९ लिटर होतात, म्हणजे एकट्याने मोटारसायकलवर भिजत जाण्यास जेवढे लागते तेवढेच. अडचण एवढीच, की चौघांच्या निघण्याची वेळ एक असावी लागते आणि वही चौघांपैकी कोणी सांभाळावयाची हे आधी ठरवावे लागते.