कॅमेरा गल्ल्यावर ठीक, पण कपडे बदलायच्या खोलीत?

वाशिंदहून कोणी लोकलने कल्याण-ठाण्याला कामाला जातं, कोणी भिवंडीच्या गोदामात. कॅमेरे सगळीकडेच. गेटवर, मालाच्या रॅकवर, गल्ल्यावर मालकाने कॅमेरा लावला, तर त्याला सरसकट बंदी करणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह यांची गोष्ट मात्र वेगळी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई बाई-पुरुष भेद करत नाही. संमतीविना खासगी अंगाचं चित्रण केलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाईचं खासगी क्षणी चोरून चित्रण झालं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. पहिल्याच गुन्ह्याला किमान १ वर्ष कैद.

२०१५ मध्ये गोव्यात कांदोळीच्या एका कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमकडे कॅमेरा रोखलेला असल्याची तक्रार झाली. तक्रार होती तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांची, म्हणून गाजली.

असा कॅमेरा दिसला, तर तो उपटू नका. आहे तिथेच त्याचा फोटो काढा, सोबत एखादा साक्षीदार ठेवा आणि ११२ ला फोन करा. गोदाम भिवंडीत असलं, तरी ‘झिरो एफआयआर’ घराजवळच्या पोलीस ठाण्यातही नोंदवता येतो.