संगणकातील माहितीसाठ्याची देखरेख
(प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गातील भाषण)



शाळेचे दप्तर पूर्वी सर्वस्वी लाकडी कपाटात असे. जनरल रजिस्टर काढावयाचे, पान उलटावयाचे आणि दाखला लिहून द्यावयाचा, अशी रीत होती. आज त्यातील पुष्कळशी माहिती दूर कोठेतरी ठेवलेल्या संगणकांत साठविली जाते. कपाटाला वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसते. या नव्या कपाटाची कीड मात्र मोजमाप केल्यावाचून दिसत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी शिष्यवृत्तीचा अर्ज पडद्यावर नुसताच फिरत राहतो, तेव्हा नुकसान एका मुलाचे होत असते. म्हणून हे मोजमाप कसे करतात, याची थोडी माहिती शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

इ. स. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' नावाच्या यंत्राबरोबर फिरत्या चकत्यांची साठवण प्रथम बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्यांवर तीत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे चकत्या लहान झाल्या आणि साठा अफाट वाढला. परंतु फिरण्याचे बंधन सुटले नाही. मिनिटास ७२०० फेरे घेणारी चकती सेकंदास १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सेकंदाचे सुमारे ८.३ सहस्रांश लागतात. हवी ती नोंद वाचकशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. शिवाय शीर्ष सरकण्यास वेळ लागतो तो वेगळाच. त्यामुळे विखुरलेल्या नोंदी मागितल्यास अशी एक चकती सेकंदाला शंभराच्या आसपासच मागण्या पुरवू शकते. न फिरणाऱ्या नव्या साठवणीचा वेग कितीतरी अधिक आहे. तथापि रांगेचा नियम तिलाही चुकलेला नाही.

हा नियम पिठाच्या गिरणीवर चांगला समजतो. गिरणीच्या शक्तीच्या निम्मेच दळण येत असेल, तर बायकांना फारसे ताटकळावे लागत नाही. दळण नऊ-दशांशावर गेले की मात्र दारापर्यंत डबे लागतात. मागण्या अनियमितपणे येतात असे धरून केलेल्या साध्या गणितानुसार, यंत्र निम्मे गुंतलेले असता एका कामास मूळच्या दुप्पट वेळ लागतो आणि नव्वद टक्के गुंतलेले असता दहापट. यंत्र पुरते राबत आहे याचा आनंद मानणारा व्यवस्थापक येथेच फसतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियमही देखरेखीस फार उपयोगी पडतो: यंत्रात एका वेळी असलेल्या मागण्यांची संख्या म्हणजे दर सेकंदास येणाऱ्या मागण्या गुणिले प्रत्येकीस लागणारा वेळ. सेकंदाला १०० मागण्या येत असून यंत्रात नेहमी १० आढळत असतील, तर प्रत्येकीस सेकंदाचा दहावा भाग लागत आहे, हे रांग मोजूनच कळते.

परंतु सर्वांत मोठी फसगत सरासरीने होते. चाळीस मुलांच्या वर्गात अडतीस मुले रोज येतात आणि दोन मुळीच येत नाहीत. हजेरीपटावर पंचाण्णव टक्के भरतात आणि कोणासही काही वावगे वाटत नाही. साठवणीचेही असेच आहे. शंभरपैकी नव्व्याण्णव मागण्या सेकंदाच्या १० सहस्रांशांत पुऱ्या झाल्या व एकीला पुरता सेकंद लागला, तर सरासरी अवघी २० सहस्रांश येते. ती पाहून यंत्रणा निर्दोष आहे, असेच कोणीही म्हणेल. जेफ्री डीन व लुईझ बारोसो यांनी २०१३ मधील एका लेखात याचा परिणाम दाखविला. एकच उत्तर देण्यासाठी अशा शंभर यंत्रांकडून माहिती गोळा करावयाची असेल, तर शंभरपैकी ६३ वेळा सेकंदाहून अधिक थांबावे लागते. ०.९९ ही संख्या शंभरदा घेऊन गुणाकार केला असता सुमारे ०.३७ उरते, एवढेच हे गणित आहे. (वरच्या वर्गातील हुशार मुलांना ते घालून पाहावे, त्यांना उत्तर खरे वाटत नाही.) म्हणून जाणते देखरेखकार सरासरीवर न थांबता सर्व मागण्या वेळेच्या क्रमाने मांडतात आणि शेवटच्या टोकाला असलेल्यांचे काय झाले, ते पाहतात.

मोजमापालाही मर्यादा आहेत. गूगल कंपनीतील संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली वाचनचूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याचा संभव, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. अशी खूण मिळताच डिस्क बदलणे शहाणपणाचे ठरते. पण त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखविली नव्हती. निम्म्याहून अधिक डिस्का न सांगता जातात, असा याचा अर्थ. तेथे देखरेख हतबल होते. दुसरी प्रतच उपयोगी पडते. आणि प्रत घेतली आहे, एवढ्या लेखी शेऱ्यावर भागत नाही. ती अधूनमधून दुसऱ्या यंत्रावर उघडून, जुन्या एखाद्या विद्यार्थ्याची नोंद काढून, जन्मतारखेपासून शाळा सोडल्याच्या शेऱ्यापर्यंत ती पुरी वाचता येते की नाही, हे ताडून पाहावे लागते.