न पिणाऱ्याचे यकृत

माझे एक सहकारी शिक्षक आयुष्यात कधी मद्याला शिवले नाहीत. गेल्या वर्षी सोनोग्राफीत त्यांच्या यकृतात मेद साचल्याचे आढळले, तेव्हा त्यांनी तो अहवाल पत्नीपासूनही लपवून ठेवला. लोक काय म्हणतील, हीच भीती!

वास्तविक यकृत मेदाने भरण्यास मद्यच लागते असे नाही, हे प्राचीन रोमन लोकांना ठाऊक होते. ते हंसांना अंजिरे चारून त्यांची यकृते पुष्ट करीत. पोर्तुगीज भाषेतील यकृतवाचक शब्दही, गंमत अशी की, अंजिराच्या लॅटिन नावापासूनच आला आहे.

माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे. त्यात शेकडा ५ हून अधिक मेद साठला की तो विकार समजतात. अतिआहार आणि बैठे जीवन यांमुळे पोटावर मेद वाढला, की शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखे जुमानीत नाही. मग मेदपेशी आपल्याजवळील मेदाम्ले रक्तात सोडीत राहतात व ती यकृतात येऊन पडतात. शिवाय रक्तात वाढलेल्या इन्सुलिनमुळे यकृत स्वतःच साखरेपासून मेद बनवू लागते. कित्येकांचे प्रकरण येथेच थांबते, आणि त्यांना काही जाणवतही नाही.

काहींच्या बाबतीत मात्र या भाराखाली यकृतपेशी फुगतात, मरतात. यकृतात कुप्फर या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहारेकरी पेशी असतात. त्या शत्रूच आला असे समजून चवताळतात. हाच दाह होय. जंतूंशी लढाई असती तर ती केव्हातरी संपली असती. येथे मेदाची आवक रोजचीच, म्हणून हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. तो इन्सुलिनच्या कार्यात आणखी बिघाड करतो, म्हणजे पुन्हा मेद! शेजारच्या दुसऱ्या पेशी व्रणतंतू विणू लागतात आणि काहींचे यकृत अखेर कठीण बनते.

१९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लुडविग व त्यांचे सहकारी यांनी मद्य न पिणाऱ्यांतील या दाहयुक्त विकाराला नाव दिले, त्यात 'मद्यविरहित' असा शब्द होता. २०२३ साली तो वगळून चयापचयाशी नाते सांगणारे नाव स्वीकारण्यात आले. मला ते रास्त वाटते. पूर्वीच्या नावात रोग्याला आधी आपले निर्दोषत्व सिद्ध करावे लागे.

वजन शेकडा ७ ते १० उतरले, तर पुष्कळांचा दाह शमतो. आमच्या सहकाऱ्यांचे वजन ८० किलो, म्हणजे ६ ते ८ किलोंचा प्रश्न. परवा त्यांनी अहवाल पत्नीपुढे ठेवला. चहातील साखर त्याच संध्याकाळी बंद झाली, असे ते किंचित तक्रारीच्या सुरात सांगत होते.