मुभा आणि हक्क : बर्लिनचा धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



‘नागरी स्वातंत्र्य’ हा आजचा विषय पाहून आपल्यापैकी बहुतेकांनी सभाबंदी, वृत्तपत्रांवरील नियंत्रण, विनाचौकशी स्थानबद्धता यांविषयीच्या विवेचनाची अपेक्षा केली असेल. मी मात्र वरवर क्षुल्लक भासणाऱ्या एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधणार आहे. जन्माच्या नोंदीत पुरुष म्हणून गणली गेलेली एखादी व्यक्ती स्त्रीवेष करून भर दिवसा शहराच्या रस्त्यावर आली, तर तिला कोण अडवू शकतो, कोणत्या कायद्याच्या आधारे, आणि ती सुखरूप घरी परतेल याची हमी कोणाची? राज्यसंस्था, बाजार आणि लोकमानस या तिन्हींची परीक्षा या एका प्रश्नात होते. उदाहरण म्हणून मी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागचे बर्लिन घेतो. अशा माणसांना सामावून घेणारे महानगर अशी त्याची कीर्ती होती, आणि ती धुळीस मिळण्यास काही महिनेच पुरले.

जर्मनीच्या १८७१ च्या दंडसंहितेत पुरुषाने स्त्रीवेष करू नये असे कलम नव्हते. तरीही पोलीस अशा व्यक्तींना पकडत. त्यासाठी त्यांच्या हाती ३६० वे कलम होते. सार्वजनिक ठिकाणी उपद्रव करणे हा त्या कलमान्वये गुन्हा होता. रस्त्यात टवाळ पोरे मागे लागली, गर्दी जमली, की उपद्रवाचे खापर त्या व्यक्तीच्याच माथी फुटे. हुल्लड करणारे मोकळे आणि हुल्लडीचा बळी आरोपी, असा तो न्याय होता. जर्मनांना हसण्यापूर्वी आपण हेही लक्षात ठेवावे की, त्याच १८७१ साली ब्रिटिश सरकारने या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती आणि नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात सार्वजनिक रस्त्यावर दिसल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. तो भाग १९११ साली वगळला गेला. त्याने रुजवलेला संशय मात्र आजही पोलीसचौकीत भेटतो.

बर्लिनमध्ये या अन्यायातून वाट काढली ती डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी. १८९७ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह लैंगिक अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी समिती स्थापन केली, १९१० साली वेशांतर करणाऱ्यांवर ग्रंथ लिहिला, आणि १९१९ साली लैंगिक विज्ञानाची संस्था उभारली. १९३१ साली हे गृहस्थ हिंदुस्थानातही येऊन गेले. १९०९ च्या सुमारास त्यांच्या वैद्यकीय अभिप्रायाच्या आधारे पोलीस एक दाखला देऊ लागले. धारक स्त्रीवेष, किंवा स्त्री असल्यास पुरुषवेष, करते हे पोलिसांना ठाऊक आहे, एवढेच त्यात नमूद असे. हाती तो कागद असला की अटकेची भीती पुष्कळशी कमी होई. ज्यांना रोज घराबाहेर पडताना तुरुंग डोळ्यांसमोर दिसत असे, त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

तथापि त्या कागदाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. धारकाला रस्त्यावर वावरण्याचा हक्क आहे, असे तो म्हणत नव्हता. हिला आम्ही ओळखतो, तूर्त जाऊ द्या, एवढेच तो सांगत होता. ती मुभा होती. डॉक्टरच्या मतावर आणि पोलिसांच्या मर्जीवर ती अवलंबून होती, आणि तिची किंमत म्हणून आपले नाव पोलीसदप्तरी नोंदवावे लागे.

आता बाजाराकडे वळू. १९२० नंतर चाळीस लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरात मोट्झ रस्त्यावरील ‘एल्डोराडो’सारखी नृत्यगृहे भरभराटीस आली. देशोदेशीचे प्रवासी तेथे येत, नाणी विकत घेत आणि ती देऊन स्त्रीवेषातील नर्तकींबरोबर नाचत. मालकाची तिजोरी भरे, शहराची कीर्ती वाढे. पण जी गर्दी रात्री पैसे मोजून टाळ्या देई, तीच सकाळी त्या व्यक्तीला दुकानात नोकरीवर ठेवण्यास तयार नसे. मराठी माणसाला हे कोडे परके वाटू नये. बालगंधर्वांच्या शालूची आणि चालीची आपल्या आजोबा-आजींनी भरभरून तारीफ केली, घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या वेषभूषेचे अनुकरण केले. परंतु रंगमंचावरील पुरुषाच्या लुगड्याला वाहवा देणारा तोच समाज रस्त्यावरील लुगड्याला दगड मारीत होता. करमणूक म्हणून जे विकत घेता येते, ते शेजारी म्हणून स्वीकारण्याची सक्ती बाजार कोणावर करीत नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे डोरा रिश्टर हिचे चरित्र महत्त्वाचे वाटते. बोहेमियातील एका शेतकरी कुटुंबात १८९२ साली ती जन्मली. बर्लिनमध्ये उन्हाळ्याचे महिने ती पुरुषवेषात हॉटेलात वाढप्याचे काम करी, आणि त्या मिळकतीवर उरलेले वर्ष स्त्री म्हणून जगे. पुढे हिर्शफेल्ड यांनी तिला आपल्या संस्थेत मोलकरणीचे काम दिले; तिच्यासारख्यांना दुसरीकडे काम मिळणे जवळजवळ अशक्य होते. ज्या जगप्रसिद्ध शहरात प्रवासी नाचायला येत, त्या शहरात तिला बारा महिने स्त्रीच्या वेषात रोजीरोटी देणारे ठिकाण ही संस्थाच होती. वेषाचे स्वातंत्र्य रोजगाराच्या दारात अडते ते असे.

१९३२ च्या आरंभी जर्मनीत साठ लाखांच्या घरात बेकार होते. त्या वर्षीच्या २० जुलैला पापेन यांनी प्रशियाचे समाजवादी नेतृत्वाखालील सरकार बरखास्त केले. बर्लिनच्या नव्या पोलीसप्रमुखाने अशा नृत्यरजनींवर बंदी घातली आणि हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच ‘एल्डोराडो’चे दार बंद झाले, पुढे त्याच इमारतीवर स्वस्तिकाची फलके लागली. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी संस्थेवर धाड घातली, १० मे रोजी तिची ग्रंथसंपदा ऑपेराच्या चौकात जाळली. परदेशी असलेले हिर्शफेल्ड मायदेशी परतू शकले नाहीत. दाखले निरुपयोगी ठरू लागले, काहींची रवानगी छळछावण्यांत झाली. मुभा देणारे सरकार गेले, पण नावे नोंदलेले दप्तर जागच्या जागी राहिले. डोरा त्या धाडीत मारली गेली असे बराच काळ मानले जाई. अलीकडच्या संशोधनातून ती वाचली आणि १९६६ पर्यंत जगली असे आढळले आहे.

या इतिहासात आपल्या विचाराच्या पक्षाची भूमिका काय होती? पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे १७५ वे कलम रद्द करावे म्हणून १८९८ साली राइशस्टागमध्ये बोलले ते ऑगस्ट बेबेल. १९२९ साली फौजदारी कायदा समितीने तसा कौल दिला, त्यातही समाजवाद्यांची मते होती. पण १९३१ साली नाझी नेता र्‍योम याला नामोहरम करण्यासाठी समाजवाद्यांच्याच वृत्तपत्राने त्याच्या समलिंगी संबंधांचा गाजावाजा केला. र्‍योमच्या गुंडगिरीवर लिहिण्यासारखे पुष्कळ होते. सभागृहात ज्यांच्या बाजूने मत दिले, त्यांनाच वृत्तपत्रात शिवी म्हणून वापरले, तर कामगाराने कोणते धोरण आपले मानावे? आपल्या सभांतही प्रतिपक्षाला ‘बांगड्या भरा’ म्हणून हिणवले जाते आणि टाळ्या पडतात. त्या टाळ्यांचा हिशेब आपल्याच खात्यावर चढतो.

जर्मनीला मुभेपासून हक्कापर्यंत येण्यास फार काळ लागला. १७५ वे कलम १९९४ साली गेले, आणि नोंदीतील लिंग स्वतःच्या घोषणेने बदलण्याचा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये अमलात आला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला होता. पण २०१९ साली संसदेने केलेल्या कायद्याने त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आणले. दाखला पुन्हा आला. तो उपयोगी असेल तर घ्यावा. मात्र दाखला म्हणजे हक्क नव्हे, हे बर्लिन आपल्याला सांगते.

साथींनो, मुंबईसारख्या शहराला ‘सर्वांना सामावून घेणारे’ म्हणताना आपण तीन गोष्टी तपासाव्यात : अशा व्यक्तीला भाड्याने खोली मिळते का, दिवसपाळीचे काम मिळते का, आणि लोकलच्या डब्यात तिची छेड काढली गेली तर शेजारचा प्रवासी उठून उभा राहतो का. पहिल्या दोन गोष्टींसाठी कामगार संघटनांनी आपले सभासदत्व तिला खुले करावे आणि तिच्या नोकरीचा प्रश्न मागणीपत्रात घालावा. तिसरीसाठी ठरावाची गरज नाही. आज संध्याकाळी घरी जाताना आपल्यापैकी प्रत्येकाला ते करता येईल.