धोकटी, रंगमंच आणि सत्तेची खुर्ची
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



एका माणसाने आयुष्यात किती व्यवसाय करावेत, हा प्रश्न वरवर पाहता ज्याच्या त्याच्या आवडीनिवडीचा वाटतो. माझ्या मते तो समाजवादाच्या गाभ्याचा प्रश्न आहे. वर्गात श्रमविभागणी शिकविताना मी अनेक वर्षे ॲडम स्मिथच्या टाचणीच्या कारखान्याचा दाखला देत आलो. एकाने तार ओढावी, दुसऱ्याने टोक काढावे, म्हणजे उत्पादन वाढते. ते खरेच आहे. परंतु टोक काढणाऱ्याच्या नातवानेही टोकच काढीत बसावे, असे स्मिथने कोठे सांगितले नाही. ते आपल्या समाजाने सांगितले. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्पष्ट केले. हा विचार आज मी एकाच धंद्याच्या आधाराने तपासणार आहे. तो धंदा नाभिकाचा.

गावगाड्यात नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याचे काम केवळ श्मश्रूपुरते नव्हते. गळू फोडावे, अंग रगडावे, लग्नकार्यात पडेल ते काम करावे, हे सारे त्याच्याकडेच होते. एका धोकटीत इतकी कौशल्ये नांदत होती. मोबदला मात्र सुगीच्या वेळी मिळणारे बलुते. कौशल्ये अनेक, पण दर्जा एकच, आणि तोही जन्माने ठरलेला!

हा दर्जा जेथे जन्माला जखडलेला नव्हता, तेथे काय घडले? इंग्लंडमध्ये रिचर्ड आर्कराइट हा शिंप्याचा मुलगा न्हाव्याचा धंदा शिकला, बोल्टन गावी दुकान चालवू लागला आणि केसांचे टोप बनवू लागला. केस विकत घेत गावोगाव हिंडणारा हा माणूस पुढे सूतकताईच्या यंत्राकडे वळला. घड्याळजी जॉन के याच्या मदतीने तयार झालेल्या यंत्राचे पेटंट त्याने १७६९ साली घेतले आणि १७७१ साली क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या बळावर चालणारी गिरणी उभारली. ती कल्पना मुळात दुसऱ्याची होती, असा वाद झाला आणि १७८५ साली त्याची पेटंटे रद्दही झाली. तथापि, आपल्याला महत्त्वाची वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. ज्या माणसाला एका धंद्यातून दुसऱ्यात जाण्याची मुभा मिळाली, त्याच्याच गिरणीत लहान मुले दिवसाचे बारा-बारा तास एकाच हालचालीला जुंपली गेली. एकाचे आयुष्य विविध झाले, ते शेकडोंचे आयुष्य एकसुरी करून. व्यक्तीच्या कर्तबगारीच्या कथा सांगणारे हा अर्धा भाग नेहमी गाळतात.

अशाच गिरण्या पुढे मुंबईत उभ्या राहिल्या. तेथील कामगारांना संघटित करणारे नारायण मेघाजी लोखंडे यांच्याच प्रयत्नाने १८९० साली मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. साथींनो, या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घ्या. संप हा सामान्यतः अधिक मजुरीसाठी असतो. येथे हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळणारी मजुरी नाकारली. आपल्या श्रमाचा उपयोग कोणत्या कामासाठी होणार, हे ठरविण्याचा हक्क श्रमिकाला आहे, असे त्यांनी कृतीने सांगितले. हे सांगताना दुसरी बाजूही झाकून ठेवता येणार नाही. गावोगावी दलितांचे केस कापण्यास नकार देणारे हातही याच धंद्यातले होते. त्यामागे बड्या जातींचा दाब असे, हे खरे. पण जो स्वतः वरच्याचा अन्याय सोसतो तो खालच्यावर अन्याय करणार नाही, अशी हमी इतिहास देत नाही. ते काम चळवळीलाच करावे लागते.

कलेच्या क्षेत्राकडे वळू. बिहारच्या सारण जिल्ह्यातील कुतुबपूरचे भिखारी ठाकूर (१८८७-१९७१) पोटासाठी खरगपूरला गेले, तेथेही वस्तराच चालविला. गावी परतल्यावर त्यांनी नाटकमंडळी काढली. परदेशी गेलेल्या मजुराच्या मागे राहिलेल्या बायकोचे दुःख त्यांनी ‘बिदेसिया’त मांडले, तर पैशासाठी म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीचे ‘बेटी बेचवा’त. स्थलांतरावर आम्ही प्राध्यापकांनी प्रबंध लिहिले. त्या स्थलांतराची जखम या माणसाने रंगमंचावर आणली. आपल्याकडे राम नगरकरांनी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून रंगभूमी गाठली आणि ‘रामनगरी’त नाभिक घरातले जिणे असे काही मांडले, की हसता हसता ऐकणाऱ्याला स्वतःची लाज वाटावी. कलापथक नसते, तर तो आवाज कोठे ऐकू आला असता?

आणि राजकारण? कर्पूरी ठाकूर हे नाव या व्यासपीठाला नवे नाही. नाभिक कुटुंबात जन्म, १९४२ च्या लढ्यासाठी सोडलेले महाविद्यालय, तुरुंगवास, १९५२ पासून विधानसभा आणि दोन वेळा बिहारचे मुख्यमंत्रिपद. १९७८ साली त्यांनी सरकारी नोकऱ्यांत २६ टक्के आरक्षण लागू केले. त्यात अतिमागासांचा, स्त्रियांचा आणि वरच्या जातींतील गरिबांचाही वाटा होता. विरोधकांनी रस्त्यावर घोषणा काय दिल्या? गादी सोड आणि वस्तरा हाती धर! त्यांच्या धोरणाशी वाद नव्हता, त्यांनी आपली ‘जागा’ सोडली याचा राग होता. त्याच कर्पूरीजींना २०२४ साली मरणोत्तर भारतरत्न मिळाले. परंतु पदकाने घोषणेमागचे मन बदलत नाही.

पाहा ना! सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने विश्वकर्मा योजना सुरू केली. नाभिकांसह अठरा कारागिरींना अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज. कारागिराला साहाय्य मिळावे, याबद्दल दुमत नाही. मात्र गौरव कशाचा? पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबात चालत आलेल्या धंद्याचा. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी मुलांसाठी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा, अशी योजना आणली होती. लोकांनी ती ओळखली आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. वस्तऱ्याला प्रतिष्ठा हवीच, पण तो हाती धरण्याचे स्वातंत्र्य ही त्या प्रतिष्ठेची एक बाजू झाली. खाली ठेवण्याचे स्वातंत्र्य ही दुसरी.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या सलूनमध्ये केवळ दाढीसाठी जाऊ नये. तेथे टक्केवारीवर दिवसभर उभे राहणाऱ्या तरुणाला साप्ताहिक सुट्टी आहे काय, आजारपणात त्याचे काय होते, संध्याकाळी शिकायला किंवा तालमीला जाण्याइतका वेळ त्याला उरतो काय, हे विचारावे. त्याच्या संघटनेची नोंदणी करून द्यावी. बंद पडलेली कलापथके आणि रात्रशाळा पुन्हा उभ्या कराव्यात. फुरसत ही चैन नव्हे. एका आयुष्यात अनेक आयुष्ये जगण्याचे ते भांडवल आहे, आणि आजवर ते मूठभरांच्याच हाती राहिले आहे.

कारागीर, कलावंत, यंत्रज्ञ आणि कार्यकर्ता हे चौघे एकाच माणसात नांदू शकतात, हे मी सांगितलेल्या कथांनी दाखविले. तो योगायोग न राहता नित्याचा अनुभव व्हावा, एवढ्यासाठीच आपला पक्ष आहे. जय समाजवाद!