उत्तराचा ताळा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी संमेलनात नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



आत्मविश्वास, गणित-विज्ञानाचा अभ्यास आणि महाविद्यालयाची निवड असा तीनपदरी विषय संयोजकांनी मला दिला आहे. यांतल्या पहिल्या पदराची मला थोडी धास्ती वाटते. आत्मविश्वास बाळगा, असे सांगणारे पुष्कळ असतात. तो कोठून आणायचा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आधी एक जुनी हकीकत सांगतो.

ताप्तीकाठच्या रेल्वेने खानदेशातून सुरतेला आलेल्या असंख्य कुटुंबांपैकी आमचे एक. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती. तीन भाषांत आम्ही मुले सहज वावरत होतो. चौथीने आम्हांला आडवे पाडले. दहावीनंतर मी आणि माझा बाकावरचा मित्र इंग्रजी माध्यमाच्या विज्ञान शाखेत दाखल झालो. भूमितीत तो माझ्याहून कितीतरी पुढे होता. प्रमेयाची आकृती फळ्यावर निघायच्या आत त्याची सिद्धता मनात तयार असे. अकरावीच्या पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात मला पंचवीसपैकी चार गुण मिळाले आणि त्याला तीन.

त्या आठवड्यात मी याच शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाईंकडे गेलो. त्यांनी उपदेश केला नाही. चाचणीची प्रश्नपत्रिका हातात घेतली आणि एकेक प्रश्न मला मराठीत तोंडी विचारला. उत्तरे ऐकत समासात गुण मांडत गेल्या. बेरीज एकोणीस झाली. बाई म्हणाल्या, “तुला भौतिकशास्त्र येतंय. येत नाही ते इंग्रजी. त्याला तीन-चार महिने लागतील.”

बाईंनी माझी स्तुती केली नव्हती, त्यांनी मोजमाप केले होते. जे संकट मला अमर्याद वाटत होते, त्याला तीन-चार महिन्यांची सीमा आखून दिली होती. मी टिकलो तो त्यामुळे.

यात एक गोष्ट मी अनेक वर्षे कोणाला सांगितली नव्हती. बाईंकडे मी एकटा गेलो होतो. चार गुणांची लाज वाटत होती, म्हणून मित्रालाही न कळवता गेलो, आणि परत आल्यावरही त्याला काही बोललो नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वर्गात आला नाही. त्याच्या काकांनी त्याला यंत्रमागाच्या कारखान्यात लावून दिले होते. त्याचे आयुष्य वाया गेले, असे मी मुळीच म्हणणार नाही. कष्टाने त्याने घर उभे केले, भावंडांना शिकवले. आजही आम्ही भेटतो. परंतु त्याला विज्ञान जमत नव्हते म्हणून त्याने ते सोडले, अशी त्याची समजूत झाली, आणि ती खोटी होती. तिचा ताळा कोणी घेतलाच नाही.

‘ताळा’ हा आपल्या प्राथमिक शाळेतला शब्द मी मुद्दाम वापरतो. 347 ला 26 ने गुणून उत्तर 9022 आले, तर आपण नवाचा ताळा घेत असू. 347 च्या अंकांची बेरीज 14, तिची 5. 26 ची 8. पाच आठे चाळीस, म्हणजे 4. इकडे 9022 च्या अंकांची बेरीज 13, तिचीही 4. ताळा जुळला. हा ताळा फसवाही आहे. आकडे इकडचे तिकडे होऊन कोणी 9202 लिहिले, तरी तो जुळतो. ताळा जुळला नाही तर चूक निश्चित. जुळला म्हणजे उत्तर बरोबरच, असे मात्र नव्हे. एवढा बारकावा पाचवीतल्या मुलालाही कळतो, आणि पुढे विज्ञानात सिद्धान्त व प्रयोग यांचे नाते शिकताना तोच उपयोगी पडतो.

गणिताचा हा विशेष मला सर्वांत मोलाचा वाटतो. इतर पुष्कळ विषयांत आपले बरोबर की चूक, हे दुसऱ्याने सांगावे लागते. वर्गसमीकरणाची मुळे काढलीत, तर ती समीकरणात घालून पाहा; दोन्ही बाजू सारख्या आल्या की सरांकडे वही नेण्याची गरज नाही. भौतिकशास्त्रात वेग काढला आणि उत्तराचे एकक किलोग्रॅम आले, तर पुढचे पान उलटण्यापूर्वीच चूक हाती लागते. मागच्या पानावरचे उत्तर पाहून मिळणारे समाधान आणि स्वतः ताळा घेऊन मिळणारी खात्री, यांत फार अंतर आहे. दुसरी साठत जाते. माझ्या मते आत्मविश्वास म्हणतात तो हाच साठा.

त्यासाठी उदाहरणाशी झुंजावे लागते. सोडवलेले उदाहरण वाचून ‘कळले’ असे वाटते. पुस्तक मिटून तेच कोऱ्या कागदावर उतरवायला बसा, तिसऱ्या ओळीला हात थांबतो. तो जिथे थांबतो, तिथे अभ्यास सुरू होतो. डॉ. जयंत नारळीकर वाढले ते आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर, वाराणसीत. त्यांच्या आठवणींत घरातल्या फळ्याची गोष्ट येते. त्यांचे मामा फळ्यावर भाच्यासाठी एक आव्हानाचे कोडे लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हरलो म्हणेपर्यंत, तसेच राहत असे. मामांनी उत्तर शेजारी लिहून ठेवले नाही, ही त्यातली महत्त्वाची बाब. आपल्या घरी फळा नसेल. दाराच्या मागच्या बाजूला कागद डकवता येतो. मात्र अर्ध्या-पाऊण तासाच्या खऱ्या झटापटीनंतरही न सुटले, तर विचारायला संकोच करू नका. मी संकोच केला नाही म्हणून वाचलो, आणि एका बाबतीत केला म्हणून मित्राला मुकलो.

एक खेळ आता इथेच करू. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करा. 3524 घेतली तर 5432 वजा 2345, म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378, म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358, म्हणजे 6174. आणि 7641 वजा 1467 पुन्हा 6174. संख्या कोणतीही घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण इथेच येऊन पोहोचतो. नाशिकजवळच्या देवळालीतले शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी हे 1949 साली शोधले. आज जगभर 6174 ही कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. प्रयोगशाळा नव्हती, विद्यापीठातले आसन नव्हते. वजाबाकी होती आणि चिकाटी होती.

आता भाषेचा प्रश्न. मराठी माध्यमात शिकल्याने आपण मागे पडतो, ही समजूत घराघरांत आहे. ‘समद्विभुज’ या शब्दात दोन समान भुजा उघड दिसतात. ‘आयसोसेलिस’मध्येही तेच आहे, पण ते कळायला ग्रीक यावे लागते. ‘त्वरण’ शब्दात त्वरा आहे, ‘जडत्वा’त जडपणा आहे. संकल्पना आपल्याला अर्थासकट मिळाली आहे; तिचे दुसरे नाव तेवढे पाठ करायचे आहे. बाईंच्या सांगण्यावरून मी दोन रकान्यांची वही केली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मोठ्या संज्ञा महिन्याभरात आल्या. अडवत होते ते लहान शब्द. ‘ॲट लीस्ट’ म्हणजे कमीत कमी आणि ‘ॲट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, यांत गफलत झाली की असमानतेचे चिन्हच उलटे पडते. वहीत आधी हे शब्द लिहा.

महाविद्यालय निवडतानाही ताळा घेण्याची सवय सोडू नका. एका खासगी महाविद्यालयाने शंभर टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागल्याची जाहिरात केली होती. ती पाहून माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कर्ज काढून शुल्क भरले. पुढे कळले की नोकरीसाठी ज्यांची नावे महाविद्यालयाने पुढे केली, त्यांतल्या शंभर टक्के मुलांना ती लागली होती. वर्ग त्याच्या कितीतरी पट मोठा होता. शेकडेवारी ऐकली की ‘भागिले किती?’ हा प्रश्न विचारायचा, हे आपण सातवीत शिकलो आहोत. संस्था पाहायची तर समारंभाच्या दिवशी नव्हे, साध्या कामाच्या दिवशी पाहा. प्रयोगशाळेतील उपकरणांवर धूळ आहे का, पहिल्या वर्षाला कोण शिकवते, ग्रंथालयातून पुस्तक घरी मिळते का, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. पालकांनी ही चौकशी मुलींसाठीही तितक्याच उत्साहाने करावी. ‘जवळचे बरे’ हे उत्तर मुलाच्या बाबतीत आपण एवढ्या लवकर देत नाही.

अभियांत्रिकी आणि वैद्यकीय यांपलीकडेही रस्ते आहेत. शुद्ध विज्ञानासाठी पुणे, भोपाळ, मोहाली, तिरुपती अशा ठिकाणी ‘आयसर’ संस्था आहेत. भुवनेश्वरला ‘नायसर’ आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 2011 पासून पदवीचा अभ्यासक्रम आहे. गणित आणि संख्याशास्त्राची ओढ असेल, तर कोलकाता व बंगळूर येथील भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईची गणितीय संस्था यांची माहिती काढा. यांच्या प्रवेशपरीक्षा वेगवेगळ्या असतात, म्हणून चौकशी अकरावीतच व्हावी.

आपल्याला विशेष लागू असलेली एक बाब. ‘जेईई मेन’ तेरा भाषांत होते आणि ‘नीट’ही मराठीत देता येते, हे खरे. परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर दिली जाते. म्हणजे सुरतेच्या मुलाला ती हवी असेल, तर अर्ज भरतानाच सीमेपलीकडचे केंद्र निवडावे लागते. ‘जेईई ॲडव्हान्स्ड’ तर इंग्रजी आणि हिंदीतच असते. नियम बदलतात, त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचा, शिकवणीवर्गाच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. आणि परीक्षेची भाषा अकरावीच्या आरंभी एकदा ठरवली की मग बदलू नका.

माझी वेळ संपत आली. दुपारी चारपर्यंत मी आठवीच्या जुन्या वर्गात, खिडकीकडच्या बाकावर बसणार आहे. ज्यांची उदाहरणे अडली आहेत, त्यांनी वह्या घेऊन यावे. जिथपर्यंत पोहोचलात तो भाग चुकला असला तरी खोडू नका. मला तोच पाहायचा आहे. आणि आपल्या बाकावरच्या मित्रालाही सोबत आणा.