एग टार्ट: करपलेला की चकचकीत?

रत्नागिरीतून पुन्हा एकदा तुमच्या कानात. आजचा विषय खाण्याचा आहे, त्यामुळे रिकाम्या पोटी असाल तर पॉज करा आणि काहीतरी खाऊन या.

रील्समध्ये दोन प्रकारचे एग टार्ट दिसतात. एकाच्या तोंडावर काळे डाग, दुसरा पिवळाधमक आणि गुळगुळीत. पहिल्याखाली कमेंट ठरलेली: "भाऊ, करपलं!" नाही, करपलेलं नाही. तो तसाच हवा असतो.

तो पोर्तुगीज, 'पाश्तेल द नाता'. त्याचं नाव लिस्बनच्या बेलें भागातल्या जेरोनिमुश मठाशी जोडलं जातं. असं सांगतात, की मठांमध्ये कपड्यांना खळ द्यायला अंड्याचं पांढरं वापरायचे आणि उरलेल्या बलकाचं गोडधोड करायचे. १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले. १८३७ मध्ये बेलेंमध्ये हे टार्ट विकायला लागले, ते दुकान आजही चालू आहे.

दुसरा चिनी, 'दान तात'. कँटनीजमध्ये 'दान' म्हणजे अंडं आणि 'तात' हा चक्क इंग्रजी 'टार्ट'चा उच्चार. म्हणजे नावच सांगतं की हा इंग्रजांच्या कस्टर्ड टार्टवरून आलाय. १९२० च्या दशकात ग्वांगझूमध्ये आणि मग हाँगकाँगमध्ये तो रुळला. पोर्तुगीजांची कॉपी वगैरे नाही.

मग गोंधळ का होतो? मकाऊमुळे. ते १९९९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. तिथे १९८९ मध्ये अँड्र्यू स्टो नावाच्या इंग्रजानं कोलोआनला बेकरी काढली आणि पोर्तुगीज टार्ट आपल्या पद्धतीनं करून विकला. तो आशियाभर गाजला. डाग पोर्तुगीज, बेकर इंग्रज, गिऱ्हाईक चिनी!

आता आतला लॉजिक बघू. पोर्तुगीज कस्टर्डमध्ये बलक, दूध, साखरेचा पाक आणि थोडा मैदा असतो. तो मैदा महत्त्वाचा. त्यामुळे कडक आचेतही अंडं फाटत नाही. म्हणून भट्टी २५० अंशांच्या वर नेता येते, वरची साखर जळून डाग पडतात आणि पापुद्रे कुरकुरीत होतात. चिनी कस्टर्डमध्ये सहसा पीठ नसतं. आच वाढवली की ते फुगतं, मग खाली बसतं आणि सुरकुततं. म्हणून मध्यम आच, आणि म्हणूनच ती चकाकी. फरक चवीच्या आधी आचेत आहे.

वरून आच देणं आपल्याला नवीन नाही. धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवतातच की! शेजारी गोव्यात बेबिंकाचा प्रत्येक थर वरच्या आचेवर भाजतात. त्यातही बलक असतो, पण दुधाच्या जागी नारळाचा रस. ४५१ वर्षं पोर्तुगीज राहिले, पण नारळ काही सुटला नाही!

घरी करणार असाल तर? बहुतेक ओटीजीचा काटा २५० ला संपतो. त्यामुळे पहिल्यांदा चिनी करा, तो जमण्याची शक्यता जास्त. पोर्तुगीज करायचाच असेल तर ओटीजी पूर्ण तापू द्या, ट्रे वरच्या खणात ठेवा आणि डाग दिसले की घाबरून बंद करू नका. वर दालचिनीची पूड भुरभुरवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' मिळाली तर उत्तमच.

तुमच्याकडे कोण जिंकतं, डागवाला की चकचकीत? कळवा. भेटू पुढच्या भागात!